रुग्णशय्येपासून उंबरठ्यापर्यंत
मज्जा, स्नायू आणि अस्थी यांच्या विकारांनंतरच्या निवासी पुनर्वसनाचा इतिहास

कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा मागे वळून पाहण्याचा असतो. स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा येतोच. त्याच्या जोडीला समाजाच्या उपयोगी पडेल असा एखादा विषय मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी वैद्य नव्हे. कापडाच्या पेढीवर उभी हयात गेलेला वाणिज्य शाखेचा एक पदवीधर आहे. तथापि घरातील एका आजारपणामुळे या विषयाकडे वळलो, वाचत गेलो, जाणकारांना विचारीत गेलो, आणि लक्षात आले की या विषयाला मोठा उद्बोधक इतिहास आहे आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

अर्धांगवायू, पाठीच्या कण्याला झालेली इजा, मेंदूला लागलेला मार, गिलन-बारीसारखा मज्जातंतूंचा आजार, स्नायूंचे विकार, मांडीचे वा कंबरेचे हाड मोडणे, पाय कापावा लागणे, अशा प्रसंगी शल्यचिकित्सक व औषधे रुग्णाचे प्राण वाचवतात. परंतु वाचलेल्या माणसाला पुन्हा उठणे, बसणे, गिळणे, बोलणे, चालणे, स्वतःच्या हाताने जेवणे आणि मलमूत्रविसर्जनावर ताबा ठेवणे शिकवावे लागते. हे शिक्षण कित्येकदा आठवड्यातून दोन वेळा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या अर्ध्या तासात पुरे होत नाही. त्यासाठी रुग्णाला काही आठवडे, प्रसंगी काही महिने दाखल करून घेणारा स्वतंत्र विभाग लागतो. तेथे पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव तयार करणारे कारागीर आणि समाजसेवक एकाच रुग्णाचा एकत्र विचार करतात. यालाच निवासी पुनर्वसन म्हणावयाचे. ही व्यवस्था जगात कशी जन्मली, आपल्याकडे कोणी आणली आणि तिचे दार सामान्य माणसाला कसे उघडते, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

असाध्य मानलेला रुग्ण

मानेच्या मणक्याला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाची नोंद प्राचीन इजिप्तच्या एका वैद्यकीय लेखपटात सापडते. 'एडविन स्मिथ पपायरस' या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्या काळच्या वैद्याने लक्षणे अचूक लिहिली आणि निष्कर्ष असा काढला की, या विकारावर उपचार करू नये. पुढे हजारो वर्षे हाच निष्कर्ष कायम राहिला. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत, फार तर एक-दोन वर्षांत दगावले. त्यांचा मृत्यू मूळ जखमेने होत नसे. एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारे शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग ही त्यांच्या मृत्यूची मुख्य कारणे होती. म्हणजे जी गोष्ट निगा राखून टळण्यासारखी होती, तीच त्यांचा जीव घेत होती.

स्टोक मँडेव्हिल आणि न्यूयॉर्क

हे चित्र पालटण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे जाते. १८९९ साली जन्मलेले गुटमन हे जर्मनीतील ब्रेसलाऊ येथील नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ होते. ते ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला आणि १९३९ साली ते सहकुटुंब इंग्लंडला आले. युरोपच्या भूमीवर मोठी चढाई होणार व कण्याला इजा झालेले जखमी मोठ्या संख्येने येणार, हे ओळखून ब्रिटिश सरकारने १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरी गावाजवळील स्टोक मँडेव्हिल येथे खास केंद्र उघडले आणि ते गुटमन यांच्या हाती सोपविले.

गुटमन यांची पद्धत वरवर पाहता साधी होती. प्रत्येक रुग्णाची कूस दिवसरात्र दर दोन तासांनी बदलायची. त्वचेची रोज तपासणी करायची. मूत्राशयाची निगा निर्जंतुक रीतीने राखायची. आणि रुग्णाला अंथरुणात पडू न देता शक्य तितक्या लवकर बसते करून कामाला लावायचे. केंद्रात सुतारकाम, घड्याळदुरुस्ती यांसारख्या कामांची जोड दिली गेली. पुढे खेळ आले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीवरील सोळा खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा गुटमन यांनी रुग्णालयाच्या आवारात भरविली. त्याच रोपट्याचा वृक्ष म्हणजे आजची पॅरालिंपिक स्पर्धा. १९६० साली रोम येथे झालेली स्पर्धा ही तिची पहिली आवृत्ती मानतात.

याच सुमारास अमेरिकेत डॉ. हॉवर्ड रस्क यांनी हाच विचार वेगळ्या वाटेने मांडला. सेंट लुईस येथील हे चिकित्सक युद्धकाळात हवाई दलाच्या रुग्णालयात रुजू झाले. आजारातून उठणारे तरुण सैनिक रिकामे पडून राहिल्याने खंगतात, हे पाहून त्यांनी त्यांच्यासाठी व्यायाम व शिक्षणाचा नियमित कार्यक्रम आखला. युद्धानंतर १९४८ साली त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात पुनर्वसनाची संस्था सुरू केली. प्रतिबंध आणि उपचार यांच्यानंतरचा वैद्यकाचा तिसरा टप्पा म्हणजे पुनर्वसन, हा विचार तेथून जगभर गेला.

मुंबईतील आरंभ

भारतात या कार्याची सुरुवात मुंबईत झाली, आणि ती एका आईने केली, हे आवर्जून सांगावेसे वाटते. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजवल्यानंतर मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. किणी यांच्याकडे त्यांना वाट सापडली. दीर्घ उपचारांनी मुलीत सुधारणा झाली, तेव्हा जे आपल्या मुलीला मिळाले ते इतरांच्या मुलांनाही मिळाले पाहिजे, या ध्यासाने त्यांनी १९४७ साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले आणि अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. १९५८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. आम्हा कापडवाल्यांना त्यांच्या माहेरची एक ओळख सांगितली पाहिजे. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात परदेशी कापडाची होळी पेटविली. त्या गिरणीचे मालक उमर सोबानी हे फातिमाबाईंचे बंधू होत.

दुसरे नाव श्रीमती कमलाबाई निंबकर यांचे. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लुंडी या विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. रुग्णाला केवळ व्यायाम देण्याऐवजी त्याच्या रोजच्या कामाच्या माध्यमातून हाताला व मनाला पुन्हा वळण लावणे, हे या शास्त्राचे मर्म. फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेच्या नावामुळे त्यांचे स्मरण आजही राहिले आहे. पाठोपाठ पोलिओच्या साथीची निकड ओळखून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के.ई.एम.मध्येच भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले.

यानंतर १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था आजही कार्यरत आहे. बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, शस्त्रक्रिया आणि कृत्रिम अवयवांची कार्यशाळा एकाच छताखाली असलेली ही सरकारी संस्था आपल्या राज्यात आहे, ही गोष्ट गावोगावच्या कितीतरी कुटुंबांना अजूनही माहीत नसते.

सैनिकांसाठी उघडलेले दार

जगभर हे दार सर्वप्रथम सैनिकांसाठी उघडले, आणि आपणही त्याला अपवाद नाही. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल स्थापन झाले. ते पुढे पुण्याजवळ खडकीला हलविण्यात आले. १९६५ व १९७१ च्या युद्धांनंतर कण्याला इजा झालेल्या जवानांचा प्रश्न उभा राहिला आणि १९७४ साली खडकीलाच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण या संदर्भात सर्वश्रुत आहे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली. मुंबईतील नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयातील दीर्घ उपचारांच्या काळात उपचाराचाच भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे पॅरालिंपिकमधील ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. पदकाचे कौतुक सर्वांनी केले. परंतु त्यामागे रुग्णालयातील जी वर्षे आणि जी निगा होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांचेही असेच. २९ मे १९६५ रोजी त्यांनी एव्हरेस्ट सर केले आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून ते कायमचे खुर्चीला खिळले. त्यांचे पुनर्वसन गुटमन यांच्या स्टोक मँडेव्हिल येथे झाले. तेथे जे पाहिले ते देशात असावे म्हणून त्यांनी १९९० च्या दशकात दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभे केले.

वेल्लोर, जयपूर, कोल्हापूर

सैनिकांच्या पाठीशी सरकार होते. सामान्य माणसासाठी हे दार उघडले ते बहुधा अशा व्यक्तींनी, ज्यांच्यावर स्वतःवरच प्रसंग गुदरला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तरुण डॉक्टर मेरी वर्गीस यांना १९५४ साली मोटार अपघातात कण्याची इजा झाली व कमरेखालचे अंग लुळे पडले. डॉ. पॉल ब्रँड यांच्या प्रोत्साहनाने त्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्यांनी स्वतःवर पुनर्वसनाचे उपचार घेतले, न्यूयॉर्कला रस्क यांच्या संस्थेत त्या शास्त्राचे शिक्षण घेतले आणि परत येऊन वेल्लोरला पुनर्वसन विभागाची धुरा सांभाळली. १९६६ साली तेथे निवासी पुनर्वसन संस्था उघडली. तेथून घरी गेलेले रुग्ण दरवर्षी मेळ्यासाठी पुन्हा एकत्र येतात. रुग्णालयातून सुटलेल्या माणसाची पुढे कोणी चौकशी करावी, ही कल्पनाच किती दुर्मिळ आहे!

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' घडविला. फारशी शाळा न शिकलेल्या कारागिराची दृष्टी आणि शल्यविशारदाचे ज्ञान यांचा तो संगम होता. अनवाणी चालता यावे, मांडी घालून बसता यावे, शेतात चिखलात उतरता यावे, हे आपल्या लोकांच्या जगण्याचे गणित त्यात धरलेले होते. तथापि तो पाय गरजूंच्या हाती पडला तो १९७५ साली श्री. डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती'मुळे. भगवान महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाण वर्षाचे औचित्य साधून संस्थेला हे नाव देण्यात आले, ही आपणा सर्वांस अभिमानाची बाब आहे. परंतु अभिमानापेक्षा तेथील शिरस्ता अधिक अनुकरणीय आहे. येणाऱ्याला वेळ मागून ठेवावी लागत नाही. पाय मिळेपर्यंत त्याची व सोबत आलेल्याची राहण्या-जेवणाची सोय होते आणि त्यासाठी पैसे मागितले जात नाहीत. उत्तम उपचार निर्माण करणे आणि ते माणसापर्यंत पोचवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे या समितीने देशाला दाखवून दिले.

आपल्या भागात नसीमा हुरजूक यांचे कार्य परिचित आहे. ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेखालचे अंग लुळे पडले. त्यांनी १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

कायदा आणि विमा

पोलिओने या शास्त्राला आपल्याकडे जन्म दिला. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. मात्र पुनर्वसनाची गरज संपली नाही. तिचे स्वरूप बदलले. आता रस्त्यावरील अपघात, रक्तदाब व मधुमेहामुळे येणारे अर्धांगाचे झटके आणि वाढत्या वयातील अस्थिभंग यांनी पोलिओची जागा घेतली आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या एकवीस केली. त्यात स्नायूंचा अपक्षय, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन हे विकारही आले. पुनर्वसनाची सेवा पुरविणे हे शासनाचे कर्तव्य त्यात नमूद आहे. मात्र त्याला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पुस्ती जोडलेली आहे.

विम्याच्या बाबतीत व्यापारी वर्गाने विशेष सावध राहिले पाहिजे. २०१९ साली विमा नियामकाने आरोग्यविम्यातील वगळलेल्या बाबींचे प्रमाणित मसुदे ठरवून दिले. त्यातील पाचव्या क्रमांकाच्या कलमाचे शीर्षकच मुळी विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती शुश्रूषा असे आहे. उपचारांसाठी नसून केवळ सक्तीच्या विश्रांतीसाठी असलेला दाखला त्याने वगळला जातो. म्हणून रुग्ण विश्रांतीसाठी नव्हे तर सक्रिय उपचारांसाठी दाखल होत आहे, हे डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्यावे आणि कंपनीची मंजुरी आधीच लेखी मागावी. आपण मालाच्या बिलातील प्रत्येक ओळ वाचतो; पॉलिसीतील हे कलमही वाचावे.

दार कसे उघडते

माझ्या ज्येष्ठ बंधूंना २०१६ साली अर्धांगाचा झटका आला. एका मोठ्या इस्पितळात त्यांचे प्राण वाचले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. अकराव्या दिवशी त्यांना घरी पाठविले. हाती दिलेल्या कागदावर औषधांची लांबलचक यादी होती. पण यांना पुन्हा उभे कोण करणार, याविषयी एक अक्षरही नव्हते. वहिनींनी विचारले तेव्हा "घरी मालिश करा, देवाची इच्छा" एवढेच उत्तर मिळाले. पुढे एका परिचित डॉक्टरांच्या पत्राने दुसऱ्या शहरातील पुनर्वसन विभागात तीन आठवड्यांनी खाट मिळाली व पाच आठवड्यांचा मुक्काम झाला. तेथील व्यवसायोपचारतज्ज्ञ ताईंनी दादांना पहिला प्रश्न विचारला, "आपण काम काय करता?" दुसऱ्या दिवशी आम्हाला दुकानातून कापडाचा ताका व मीटरची पट्टी आणावयास सांगितले. दादा रोज तासभर डाव्या हाताने तो ताका उलगडत, मोजत आणि घडी घालत. वहिनींना त्यांची कूस बदलणे, खुर्चीतून खाटेवर घेणे, घास केवढा द्यावा हे शिकविले. उजवा हात परत आला नाही. पण दादा काठी टेकून दुकानाच्या पायऱ्या चढतात आणि सकाळचे दोन तास गादीवर बसतात. पाच आठवड्यांपूर्वी ते स्वतःहून कुशीवरही वळत नव्हते.

घरी कुटुंबीयांनाच शिकवून काम भागेल काय, याचा अभ्यास आपल्याच देशातील चौदा रुग्णालयांत झाला. साडेबाराशे अर्धांगरुग्णांच्या या पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन घरी केलेल्या पुनर्वसनाने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. कुटुंबाची माया आवश्यकच आहे. पण ती प्रशिक्षित चमूची जागा घेऊ शकत नाही, असाच याचा अर्थ मला लागतो.

अनुभवातून व वाचनातून ज्या गोष्टी कळल्या त्या वाचकांपुढे ठेवतो. रुग्णाची प्रकृती स्थिर होताच, घरी सोडण्यापूर्वीच, "यांना निवासी पुनर्वसनाची गरज आहे काय?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. या विषयाचे स्वतंत्र तज्ज्ञ डॉक्टर असतात. त्यांच्या शाखेस फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, संक्षेपाने पी.एम.आर., म्हणतात. फिजिओथेरपिस्ट त्यांच्या चमूतील एक घटक होत. दाखल करून घेताना हे तज्ज्ञ मुख्यतः चार गोष्टी पाहतात : प्रकृती स्थिर आहे काय, रुग्ण रोज काही तास उपचार सोसू शकेल काय, गाठता येण्याजोगे उद्दिष्ट आहे काय, आणि नंतर घरी सांभाळणारे कोणी आहे काय. अमेरिकेत तर अशा विभागातील रुग्णाला दिवसाला साधारण तीन तासांचे उपचार सोसावेत अशी अपेक्षा असते. म्हणून रुग्णाचे सर्व कागद, छायाचित्रणाचे अहवाल व घरातील परिस्थितीची माहिती एकत्र ठेवावी. अर्धांगानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो. त्यातले आठवडे चौकशीत घालवू नयेत. एका ठिकाणी नकार आला तर कारण विचारावे व दुसरीकडे अर्ज करावा. मुंबईची हाजी अलीजवळची संस्था, वेल्लोर, बंगळूरची निम्हान्स, ओडिशातील कटकजवळची स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन संस्था, तसेच काही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पी.एम.आर. विभाग, येथे चौकशी करता येते.

समारोप

या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. फातिमाबाईंनी आई म्हणून, मेरी वर्गीस व मेजर अहलुवालिया यांनी स्वतः रुग्ण म्हणून हे दार ठोठावले आणि मग ते इतरांसाठी उघडे ठेवले. ते आजही आपोआप उघडत नाही. कोणीतरी विचारावे लागते. रुग्ण स्वतः विचारू शकत नाही आणि घरचे लोक घाबरलेले असतात. तेथे समाज उपयोगी पडू शकतो. खाटेची चौकशी करून देणारा, कागद घेऊन रांगेत उभा राहणारा एखादा जाणता कार्यकर्ता, आणि मोठ्या शहरात रुग्णासोबत राहणाऱ्या माउलीसाठी महिनाभराची एक खोली, एवढी व्यवस्था कोणत्याही गावच्या समाजाला झेपणारी आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने याचा विचार करावा, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.